घरात रेझर असून अण्णा सलूनला का जातात?

प्रश्न : ताई नमस्कार. मी 44 वर्षांचा, मिरजेला राहतो. आई जाऊन आठ महिने झाले. अण्णा 75 चे, एसटीत कंडक्टर होते, तब्येत तशी ठणठणीत, थोडी शुगर आहे एवढंच. विषय असा की ते दर तीन दिवसांनी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून घेतात, वर चंपी पण. घरात रेझर आहे, ब्लेडचं पाकीट आहे, आयुष्यभर आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी स्वतः केली या माणसाने. परवा मी जरा बोललो की एवढा खर्च कशाला, तर चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन बसले. बायको म्हणते त्यांना एकटं वाटतंय, तुम्ही जवळ बसत जा, पाय चेपत जा. आता आमच्याकडे मिठ्याबिठ्या कधीच नव्हत्या हो, दिवाळीला पाया पडायचं तेवढंच, मला तर फार ऑकवर्ड होतं. आणि खरंच हात लावल्याने मनाला काही फरक पडतो का, की हे आपलं बोलायचं म्हणून?

उत्तर : दादा, आधी ते सलून बंद करू नका, उलट पैसे तुम्हीच देऊन या. तुम्ही दाढीचा हिशोब करताय पण अण्णा दाढीसाठी जातच नाहीयेत असं मला वाटतं. सलूनवाला काय काय करतो आठवा, हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा हळूच वळवतो, कानामागे फेस लागला तर अंगठ्याने पुसतो, तुरटी फिरवतो, मग डोकं दोन्ही हातांत धरून चंपी आणि शेवटी खांद्यावर दोन थापा. वीस-पंचवीस मिनिटं कुणीतरी सांभाळून हात लावतंय. आई गेल्यापासून घरात त्यांना असा हात कोणी लावलाय का, खरं सांगा. आणि माणूस कोण, तर अख्खी नोकरी एसटीच्या गर्दीत चेंगरून काढलेला!

आपल्याकडे ना वय वाढत जातं तसा हा कोटा कमी होत जातो. बाळ असताना तेल लावायला बाई येते, जरा मोठं झालं की आजी तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, दिवाळीला पाठीला उटणं लागतं. आणि आजोबा झाला की त्याच्या वाट्याला काय, तर पायाला टेकवलेली बोटं, तीही हल्ली गुडघ्यापर्यंतच पोचतात.

आता फरक पडतो का ते. पडतो, आणि त्याला शरीरात चक्क वेगळी वायरिंग आहे. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, पोटरी वगैरे, काही बारीक नसा अशा असतात की त्या हळुवार हात फिरवण्यालाच जास्त दाद देतात, साधारण सेकंदाला तीन सेंटिमीटर या स्पीडने, आणि हात कोमट असला तर उत्तम. घाईघाईत चोळलं की त्या गप्प. गंमत म्हणजे कोणी शिकवलेलं नसताना आई बाळाला जवळपास याच स्पीडने थोपटत-कुरवाळत असते. 2006 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, 16 विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं आणि सांगितलं की आता पायाला हलका शॉक बसू शकतो. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली, अनोळखी माणसाच्या हाताने थोडी कमी झाली, आणि ज्यांचं नवऱ्याशी जास्त पटत होतं त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे हात कुणाचा याला किंमत आहेच, पण परक्याचा हातही अगदीच वाया जात नाही. तुमच्या सलूनवाल्याचंच बघा.

मिठी मारायला मी सांगणारच नाही, तुम्हीही अवघडाल आणि अण्णा तर घाबरतीलच. काशाची वाटी आहे का घरात? नसेल तर भांड्यांच्या दुकानात मिळते. रात्री जेवणं झाली की बातम्या चालू असताना त्यांच्या पायाशी बसा, काही घोषणा करायची नाही, ‘अण्णा पाय द्या इकडे’ एवढंच. तळव्याला थोडं खोबरेल लावून वाटी गोल गोल फिरवायची. मघाच्या त्या नसा तळव्यात फारशा नसतात, म्हणून वाटी ठेवली की घोट्यापासून पोटरीवर नुसता हात फिरवा, सावकाश. पहिले दोन दिवस ते ‘राहू दे, राहू दे’ म्हणतील, पण पाय मागे घेतात का ते बघा. खरंच मागे घेतला तर आग्रह नको, नखं कापून द्या, पाठीला तेल लावून द्या, रस्ता क्रॉस करताना दंड धरा.

शुगर आहे म्हणून दोन गोष्टी. तळव्याला संवेदना कमी असू शकते, त्यामुळे तेल कोमटच आणि ते आधी आपल्या मनगटावर बघायचं, पायाला जखम किंवा भेग दिसली तर वाटी बंद आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळायचं अजिबात नाही, लगेच डॉक्टर. आणि झाल्यावर पाय पुसून द्या, रात्री बाथरूमला उठले नि तेलावरून घसरले तर नसती आफत.

एक मात्र आहे, झोप उडाली, जेवण तुटलं, ‘आता मी जगून काय करू’ असं बोलायला लागले तर नुसत्या तेलावर विसंबू नका, डॉक्टरांशी बोला किंवा 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी 20 वर्षांची आहे, ठाण्याला असते. लग्नकार्यात सगळ्या आत्या-मावश्या गालगुच्चे घेतात, गच्च मिठी मारतात, मला ते बिलकुल आवडत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड काही नाही गं. नको असलेला हात अंगावर आला की शरीर आखडतंच, मग समोरच्याचं प्रेम कितीही खरं असो. एखाद्या जवळच्या मावशीला बाजूला घेऊन सरळ सांग, ती बाकीच्यांना बरोबर आवरते. आणि हॉलमध्ये शिरल्या शिरल्या सगळ्यांच्या आधी तूच पाया पडायला वाक, डोक्यावर हात ठेवून सोडतात, मिठीला चान्सच मिळत नाही.