वटवाघळांचे कान आणि अकरावीचे गणित

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि ठाण्याच्या येऊर जंगलातील निसर्गफेरीत वटवाघळांचा आवाज यंत्रातून ऐकल्यापासून तिला त्यांच्या श्रवणावर व आपसांतल्या ‘बोलण्यावर’ संशोधन करायचे आहे. त्यासाठी जीवशास्त्र पुरेसे आहे असे समजून ती गणित सोडू पाहते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला गणित लागत नाही, म्हणून आपणही त्यास राजी आहात. शेवटी आपण विचारता की, वटवाघळांवर आयुष्यभर संशोधन करणाऱ्याला पगार तरी कोण देतो?

पगाराकडे नंतर वळतो, कारण मला अधिक काळजी वाटते ती गणिताची, आणि या बाबतीत माझे आपल्याशीही पटत नाही आणि तिच्याशीही नाही.

येऊरला तिने जे ऐकले तो वटवाघळाचा मूळ आवाज नव्हता. माणसाला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचे, ऐकू येते आणि बहुतेक वटवाघळांच्या हाका त्याहून वर असतात; यंत्राने त्या आपल्या टप्प्यात उतरवून दिल्या. ध्वनी नोंदवताना प्रत्येक कंपनाला निदान दोन नमुने घ्यावे लागतात; त्यामुळे सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा मोबाइल फार तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपू शकतो, म्हणून १०० किलोहर्ट्झची हाक नोंदवायची तर दोन लाखांहून अधिक नमुने घेणारे उपकरण हवे. ५० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर भरते, आणि चिलटाएवढ्या किड्यावरून प्रतिध्वनी परत यायचा तर ती इतकीच आखूड असावी लागते. नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेल्या वटवाघळांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. उडण्याच्या वेगामुळे प्रतिध्वनीची वारंवारता चढते, म्हणून ही वटवाघळे आपली हाकच तेवढी खाली उतरवतात, जेणेकरून परतणारा आवाज कानाच्या सर्वांत तीक्ष्ण पट्ट्यात पडावा. युरोपात आढळणाऱ्या अशा एका जातीत हा पट्टा ८३ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला डॉप्लर परिणाम तो हाच.

या विषयाचा आधुनिक पायाही अशाच देवघेवीतून घातला गेला. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळे घेऊन पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला, कारण मानवी श्रवणापलीकडचा ध्वनी पकडणारे यंत्र त्यांच्यापाशी होते. पुढे रॉबर्ट गॅलाम्बोस यांच्यासोबतच्या प्रयोगांतून सिद्ध झाले की वटवाघूळ तोंडाने हाक देऊन कानाने अडथळा ओळखते. जीवशास्त्राच्या त्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्राचे दार ठोठवावे लागले. आपल्या मुलीने ते आताच बंद करू नये.

आवाजातून होणाऱ्या संवादाचा भागही तितकाच समृद्ध आहे. मध्य अमेरिकेतील एका जातीची पिल्ले तान्ह्या मुलांप्रमाणे बडबड करत ध्वनींची पुनरावृत्ती करतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. माणूस बोलायला कसा शिकतो हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना अशा मोजक्या प्राण्यांकडे वळावेच लागते. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पगार मिळतो तो श्रवणाच्या आणि मेंदूच्या प्रश्नावर काम करण्याबद्दल. वटवाघूळ हा त्या प्रश्नाकडे जाण्याचा रस्ता आहे.

हा रस्ता लांब आहे, हे मात्र मी लपवणार नाही. पदवी व पदव्युत्तर शिक्षणाची पाच वर्षे, पीएच.डी.ची पाच-सहा आणि त्यानंतर बहुधा परदेशातील काही वर्षे धरली, तर कायमची नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटलेली असते, आणि अशा जागा थोड्या असतात. पीएच.डी.च्या काळात ती पूर्णपणे आपल्यावर अवलंबून राहील असे नाही, कारण जानेवारी २०२३ पासून केंद्राची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. संशोधनातून मध्येच बाहेर पडावे लागले, तर ध्वनिसंकेतांचे विश्लेषण येणाऱ्यास श्रवणयंत्रांपासून ध्वनी-तंत्रज्ञानापर्यंत काम मिळू शकते. निव्वळ प्राण्यांची ओळख असणाऱ्यास ते कठीण जाते. इथेही गणितच आडवे येते.

आपल्याला सर्वांत जवळची आयसर, म्हणजे विज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था, पुण्यात आहे आणि आयसरच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न असतात. ‘नीट’ची तयारी आपण थांबवावी असे मी म्हणत नाही, कारण तीन विषय सामाईकच आहेत. ठाण्यातच राहून बी.एस्सी. करणेही कमीपणाचे नाही. त्यानंतर ‘जॅम’ परीक्षेतून चांगल्या संस्थेत एम.एस्सी.ला जाता येते.

या उन्हाळ्यात तिने पायथन ही संगणकभाषा शिकावी आणि ध्वनिमुद्रणाचा आलेख वाचण्याचा सराव करावा. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, म्हणून तिथे रात्री नोंदी घ्यायच्या असतील तर वन विभागाची परवानगी असलेल्या गटासोबतच जावे. जमिनीवर पडलेले वटवाघूळ दिसले तरी त्याला हात लावू नये. या क्षेत्रात वटवाघळे हाताळणारे संशोधक रेबीजची प्रतिबंधक लस आधी टोचून घेतात, मगच कामाला लागतात.