मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात) एम/झेड (वस्तुमान भागिले प्रभार) ५८ चं शिखर पुनर्रचनेचंच आहे, नुसता बंध तुटल्याचं नाही, हे कसं ओळखायचं? (नमुना २-हेक्झानोन)

आधी सम-विषम बघा. रेण्वीय आयन (न तुटलेल्या अख्ख्या रेणूचा) १००. रेणूत नायट्रोजन नाही, म्हणून नुसता एक बंध तुटला तर ४३, ८५ असे विषम आकडे येतात. ५८ सम आहे, म्हणजे ४२ वस्तुमानाचं प्रोपीन अख्खं बाहेर पडलंय: मॅकलॅफर्टी पुनर्रचना, म्हणजे साखळीतला एक हायड्रोजन ऑक्सिजनकडे सरकून रेणू तुटणं. पक्का पुरावा ड्युटेरियमचा (वस्तुमान २ असलेला जड हायड्रोजन). पाचव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम घातले की त्यातला एक ऑक्सिजनकडे सरकतो आणि शिखर ५९ वर जातं. कार्बोनिलशेजारी (C=O गटाला लागून असलेल्या कार्बनवर) मात्र ड्युटेरियम नको, तिथला ओलाव्याशी अदलाबदल होऊन निघून जातो. आणि भांडी अ‍ॅसिटोनने धुतली असतील तर नमुन्याआधी ब्लँक रन (नमुना न घालता मोजणी) घ्याच. अ‍ॅसिटोनचा रेण्वीय आयनही ५८ च, सोबत ४३ सुद्धा!