वाचकांचे प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत वेळावदर आणि कच्छचे छोटे रण

प्रश्न : आम्ही पुण्यातील दोन कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत पक्षी आणि प्राणी पाहण्यासाठी गुजरातला जाण्याच्या विचारात आहोत. एका सहल-कंपनीने चार दिवसांत नलसरोवर, छोटे रण, वेळावदर आणि गीर असा कार्यक्रम दिला आहे. तो घ्यावा का, आणि त्यापेक्षा डिसेंबरात जाणे बरे का?

उत्तर : दिवाळीत अवश्य जावे, मात्र कार्यक्रमातून गीर काढून टाकण्यास सांगावे. गीर दक्षिण सौराष्ट्रात आहे आणि चार दिवसांतील जवळजवळ एक दिवस केवळ तेथे पोहोचण्यात खर्ची पडेल. शिवाय दिवाळीत तेथे अतोनात गर्दी असते. वेळावदरच्या गवताळ प्रदेशाला दोन पूर्ण दिवस, छोट्या रणाला एक दिवस आणि वाटेत नलसरोवराला एक सकाळ, अशी विभागणी मला योग्य वाटते.

ही अभयारण्ये पावसाळ्यात बंद असतात आणि १६ ऑक्टोबरपासून उघडतात, हे आरक्षण करताना ध्यानात ठेवावे. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर रणाचा बराच भाग ओला असतो, गाडी मोजक्याच वाटांनी जाते आणि ऊनही कडक असते. पण याच काळात एक वेगळी वर्दळ चालू असते. मध्य आशियातून निघून आफ्रिकेकडे जाणारे युरोपीय नीलपंख, निळ्या गालांचे वेडे राघू, लाल पाठीचे खाटीक आणि ठिपकेदार माशीमार पश्चिम भारताच्या कडेने पुढे सरकतात आणि हिवाळ्यात येथे थांबत नाहीत. सप्टेंबर हा त्यांच्या भराचा महिना असला, तरी मागे राहिलेले काही पक्षी रस्त्याकडेच्या तारांवर आणि वेड्या बाभळीच्या कुंपणांवर दिसू शकतात. डिसेंबरात जाणाऱ्याला ते भेटत नाहीत. उलट क्रौंच आणि करकोच्यांचे मोठे थवे आणि रोहित पक्ष्यांची दाटी हीच आपली मुख्य ओढ असेल, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धाची वाट पाहणे श्रेयस्कर.

प्रश्न : वेळावदर हे काळविटांचे उद्यान म्हणून ऐकले होते. तेथे पक्ष्यांसाठी दोन दिवस खरोखर लागतात का? (नाशिक)

उत्तर : लागतात, आणि तेही संध्याकाळसाठी. भावनगरच्या उत्तरेला, खंभातच्या आखाताजवळील भाल प्रदेशात हे उद्यान आहे. भावनगर संस्थानाची ही वीडी, म्हणजे राखीव गवतरान होती आणि पाळीव चित्ते सोडून तेथे काळविटांची शिकार केली जात असे. १९७६ मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले; आज त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा गवतात कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या माळांवरून आलेल्या भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्यांचा रात्रीचा मुक्काम असतो, आणि जगातील त्यांच्या सर्वांत मोठ्या मुक्कामांमध्ये तो गणला जातो.

भोवत्या झाडावर न झोपता जमिनीवर, उंच गवतात झोपतो. दिवसभर हे पक्षी आसपासच्या कपाशीच्या शेतांवर आणि माळांवर पंख किंचित उंचावून, जमिनीलगत तरंगत नाकतोडे, टोळ, उंदीर आणि लहान पक्षी शोधत फिरतात. पावसाळ्यानंतर नाकतोड्यांची रेलचेल असते, म्हणूनच शरदातला हा मुक्काम इतका भरगच्च असतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी एकेक पक्षी येऊ लागतो, गवतावर घिरट्या घालतो, उतरतो, पुन्हा उठतो आणि अंधार पडता पडता शेकडो पक्षी एकाच पट्ट्यात स्थिरावतात. पहिल्या संध्याकाळी हे दृश्य पाहण्यातच वेळ निघून जातो. ओळख पटवण्याचे काम दुसऱ्या संध्याकाळी होते.

नरांपासून सुरुवात करावी. मॉंटेग्यूच्या भोवत्याच्या राखाडी पंखावर वरून एक स्पष्ट काळी पट्टी दिसते. पांढुरक्या भोवत्याचा नर अधिक फिका असून त्याच्या पंखाच्या टोकाला केवळ अरुंद काळी पाचर असते. दोघांच्या माद्या तपकिरी, शेपटीवर पट्टे आणि बुडाशी पांढरा डाग असलेल्या असल्याने जाणकारांचीही परीक्षा पाहतात. पांढुरक्या भोवत्याच्या कोवळ्या पक्ष्याच्या मानेभोवतीची फिकट कंठी आणि तिच्यामागचा गडद पट्टा ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण आहे. दलदली भोवत्या मात्र आकाराने मोठा असून त्याच्या गडद मादीचे डोके दुधाळ असते, त्यामुळे तो नवख्यालाही ओळखू येतो.

सकाळी काळवीट पाहावेत. येथे प्रौढ नर लहान लहान आखाडे राखतात, लेंड्यांच्या ढिगांनी त्यांच्या हद्दी आखतात आणि अनेकांचे आखाडे एकमेकांना लागून असतात. कळप एकाएकी एकाच दिशेला मान वळवून उभा राहिला, तर आपणही तिकडेच दुर्बीण धरावी, कारण लांडगा बहुधा असाच दिसतो. तरस, रानमांजर आणि खोकडही याच गवतात राहतात.

प्रश्न : वाटाड्या चांगला आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. संध्याकाळी एकाच जागी शेवटपर्यंत थांबणार का? पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणार का? रणात रानगाढवांमागे गाडी नेणार का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि उरलेल्या दोहोंचे नकारार्थी हवे. स्थलांतरातील पक्षी अंगावर चरबी साठवत असतो, आणि त्याला विनाकारण उडवणे म्हणजे पुढच्या प्रवासाचे त्याचे बळ हिरावून घेणे होय. रानगाढवांविषयी तर मी आग्रहाने लिहितो. १९६० च्या दशकात ‘सुरा’ नावाच्या, रक्तातील परजीवीमुळे होणाऱ्या रोगाने हा प्राणी इतका खचला की त्या दशकाअखेरीस त्याची संख्या चारशेच्या आत आली होती. संरक्षणामुळे ती सावरली आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली. भरधाव कळपाचे छायाचित्र मिळावे म्हणून त्यांना पळवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. गाडीतल्या कोणीही तशी मागणी केली, तर वाटाड्याने नकार द्यावा आणि आपण त्याच्या बाजूने उभे राहावे.

प्रश्न : दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२? (सोलापूर)

उत्तर : पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. हलत्या गाडीतून आणि संधिप्रकाशात वापरायची असल्याने ८×४२ घ्यावी. तिच्यातील दृश्य कमी थरथरते, अधिक उजळ दिसते आणि उडता पक्षी लवकर सापडतो.