आठ दिवसांत अर्धं, मग सोळा दिवसांत सगळं का नाही?

प्रश्न: मी रसायनशास्त्र नुकतंच शिकायला घेतलं आहे. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे ८ दिवसांत अर्धं संपतं. मग उरलेलं अर्धं पुढच्या ८ दिवसांत का संपत नाही? ते तर तोवर ८ दिवस जुनं झालेलं असतं! शिवाय ‘८० मिलिग्रॅमपैकी २० दिवसांनी किती उरेल?’ या गणितात माझं उत्तर १५ आलं, पुस्तकात १४.१ आहे. कुणाचं चुकलं?

उत्तर: पुस्तकाचं बरोबर आहे. पण आधी तुमच्या प्रश्नातले दोन शब्द धरतो, ‘जुनं’ आणि ‘संपतं’. सगळी गोम त्यांच्यात आहे.

किरणोत्सारी, म्हणजे आपोआप फुटणारा, अणू जुना होत नाही. हे नुसतं सांगून कुणाला पटल्याचं माझ्या शिकवण्याच्या वर्षांत तरी आठवत नाही, म्हणून मी वर्गात शंभर नाणी घेऊन जायचो. सगळी टेबलावर उधळायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उधळायची. एका वर्गातले आकडे माझ्या वहीत अजून आहेत: १००, ५४, २५, १३, ७, ३, ३, १. ते शेवटचं नाणं काही केल्या छापा दाखवेना. चार वेळा काटाच पडला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आता तरी पडायलाच पाहिजे!” का पडायला पाहिजे? आधी किती वेळा काटा पडला हे नाण्याला कुठे ठाऊक असतं? पाचव्या वेळीही त्याची शक्यता निम्मीच.

अणुकेंद्रकाचं तसंच. आठ दिवस टिकलेला आयोडीन-१३१ चा अणू आणि आत्ता तयार झालेला अणू यांत काडीचाही फरक नसतो. पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची शक्यता दोघांनाही निम्मी. म्हणून ८० चे ४०, ४० चे २०, २० चे १०. अर्धायुष्य हा जमावाचा गुण आहे, एकट्या अणूबद्दल ते फक्त शक्यता सांगतं. माझ्या नाण्यांत ३ चे ३ च राहिले, कारण जमावच उरला नव्हता. तुमच्या ८० मिलिग्रॅममध्ये अणू आहेत ३७ वर १९ शून्यं इतके. तिथे असा घोळ दिसायचा नाही. (अणूंचं सरासरी आयुष्य मात्र ८ दिवस नव्हे, साधारण साडेअकरा दिवस भरतं. काही अणू फार काळ तग धरतात, ते सरासरी वर ओढतात.)

तापवून हा वेग वाढेल का, असंही पुष्कळजण विचारतात. रासायनिक अभिक्रिया तापवल्यावर जोर धरते, पण तो खेळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. इथे घडामोड केंद्रकात होते, बर्नरची आच तिथवर पोचत नाही.

आता तुमचे १५. १६ दिवसांनी २०, २४ दिवसांनी १०, तर मधल्या २० व्या दिवशी १५, असं तुम्ही केलंत ना? त्यासाठी घट सरळ रेषेत व्हायला हवी. पण अणू जास्त असतात तेव्हा जास्त फुटतात, त्यामुळे त्या आठ दिवसांतल्या पहिल्या चारांत घट मोठी आणि नंतरच्या चारांत लहान. २० दिवस म्हणजे अडीच अर्धायुष्यं. २ चा २.५ वा घात ५.६६, त्याने ८० ला भागा, १४.१ येतात. आलेख काढलात तर वक्ररेषा तुमच्या सरळ रेषेखाली झोळीसारखी लोंबलेली दिसेल.

राहिला ‘संपतं’. आयोडीन-१३१ च्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि ५३ प्रोटॉनांचे ५४ होतात. ५४ म्हणजे झेनॉन. बंद कुपी वजन करायला घेतलीत तर २० दिवसांनीही ती जवळजवळ तेवढीच भरेल, फक्त आत आयोडीनच्या जोडीला झेनॉन वायू असेल. पदार्थ नाहीसा होत नाही, नाव बदलतो. १९०० साली भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणाऱ्या वायूची किरणशक्ती साधारण दर मिनिटाला निम्मी होताना मोजली, तेव्हा हे नाव बदलणं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उलगडायला त्यांना आणि त्यांचे सहकारी, रसायनशास्त्रज्ञ सॉडी यांना आणखी काही वर्षं लागली.

एक तक्रार तुमच्या पुस्तकाबद्दलही. थायरॉइडच्या कर्करोगावर रुग्णाला आयोडीन-१३१ चा जो मोठा डोस देतात, तो वजनाने एखाद-दोन मायक्रोग्रॅमच्या घरातला असतो. ८० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या हजारो पट. गणित सोडवा, पण एवढं आयोडीन समोर ठेवलेल्या टेबलापाशी बसू नका.