म्हापशातल्या जुन्या घरातला लाकडी क्लॅरिनेट घ्यावा का?

वाजवण्यासाठी घेताय की जपण्यासाठी, हे आधी ठरवा. बँडमध्ये किंवा नाट्यसंगीताच्या साथीला वाजवायचा असेल, तर दुर्मीळपणाला भुलू नका.

सर्वांत आधी त्याची पट्टी तपासा. १९३० च्या आधीचे बरेच क्लॅरिनेट, विशेषतः ब्रिटिश बनावटीचे, ‘हाय पिच’चे असत: ए हा सूर, ज्यावरून वाद्यं जुळवतात, ४५२ हर्ट्झच्या आसपास. आजचं प्रमाण ४४०. म्हणजे वाद्य जवळजवळ पाव स्वर चढं बोलतं. अंगावर ‘एच. पी.’ छाप आहे का पाहा, फोनवरचा ट्यूनर लावून वाजवून घ्या. सांधे बाहेर ओढून सूर उतरवता येईल असं विकणारा म्हणेल, पण मग स्वरांचं आपसातलं अंतरच बिघडतं. असा क्लॅरिनेट हार्मोनियमबरोबर कधीच जुळणार नाही. वाजवायला घेऊच नका.

मग लाकडाला चिरा गेल्यात का ते पाहा. वरच्या भागाच्या आतून टॉर्च मारा, भोकांच्या कडा बारकाईने बघा. खालचं तोंड तळहाताने दाबा, सगळी भोकं बंद करून हवा ओढा. ओढ टिकली नाही तर हवा गळतेय. पॅड (भोकं झाकणाऱ्या चकत्या), सांध्यांवरचे कॉर्क बदलता येतात, ती चिंता नको. भोकातून गेलेली चीर मात्र किंमत निम्म्यावर आणायला पुरेशी आहे, असं माझं मत.

घेतलाच तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवा, आतून पुसून ठेवा. वर्षानुवर्षं न वाजलेलं लाकूड फुंकरीच्या ओलाव्याने एकदम फुगून तडकतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पॅडना बुरशी लागते ती वेगळीच.