आठचं फॅक्टोरियल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मंगळवारी आला. ‘मावशी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचे विषय बघितले. यातलं प्लेसमेंटला नेमकं काय लागतं? सगळे म्हणतात डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कर, बाकी पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या सुट्टीत) होऊन जातं.’ सोबत विषयांच्या यादीचा फोटो, आणि त्यात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोप्रोसेसर आणि टीओसीवर, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनवर, लाल फुल्या. टीओसी तर थर्ड इयरला आहे, तरी त्याच्यावर आत्तापासून फुली! मला हसू आलं. यातल्या दोन विषयांवर मीही तुझ्या वयात फुल्या मारल्या होत्या, फक्त फोटो काढून पाठवायची सोय नव्हती.

‘हो, डीएसए कर’ एवढंच लिहून मी मोकळी होऊ शकले असते, आणि ते काही खोटं नाही. पण तुझ्या आईने मला होस्टेलवर चार वर्षं स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलंय. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

१९९९ साल. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, चपला बाहेर काढायच्या. आत एसी, कारण मशीन्सना गरम होऊ द्यायचं नाही. माणसांचं काही का होईना. एका मशीनवर आम्ही तिघी. टर्बो सीची निळी स्क्रीन, कंट्रोल एफ-नाइन दाबलं की प्रोग्राम चालायचा, ऑल्ट एफ-फाइव्ह दाबलं की आउटपुट दिसायचं. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल फॅक्टोरियलचं, म्हणजे दिलेल्या आकड्यापासून एकापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार. पाचचं १२०, बरोबर. सातचं ५०४०, बरोबर. आठचं टाकलं आणि स्क्रीनवर आलं उणे २५२१६.

आम्ही प्रोग्राम तीनदा तपासला. त्यात चूक नव्हती. शेजारच्या मशीनवरही तेच. आठपासून एकापर्यंतच्या धन आकड्यांचा गुणाकार ऋण कसा येईल? सरांना विचारलं, ते म्हणाले, ‘इंटच्या जागी लाँग घे.’ इंट म्हणजे सीमधला पूर्णांक ठेवायचा डबा, लाँग म्हणजे त्याहून मोठा डबा. घेतलं. ४०३२० आलं, आणि पुढच्या ग्रुपची वेळ झाली म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

आता खरी गोष्ट ऐक. जर्नलमध्ये आउटपुट हाताने लिहायचं असायचं. आम्ही सीनियरच्या जर्नलवरून प्रोग्राम उतरवला, त्यात इंटच होता. आणि त्याखाली आउटपुट लिहिलं ४०३२०. अख्ख्या बॅचने लिहिलं. त्या प्रोग्रामने ते आउटपुट कधीच दिलं नसतं. सबमिशनला सगळ्यांना सही मिळाली.

उणे २५२१६ कुठून आलं हे मला वर्षभराने कळलं, तेही डिजिटलची केटी लागली, म्हणजे त्या विषयात नापास झाले, म्हणून पुन्हा पुस्तक उघडावं लागलं तेव्हा. टर्बो सीमधला इंट १६ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या सोळा घरांचा. त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ४०३२० बायनरीत लिही: १००१ ११०१ १००० ००००. बरोबर सोळा बिट. पण टूज कॉम्प्लिमेंटच्या पद्धतीत सर्वात डावीकडचा बिट १ असला की आकडा ऋण धरायचा. म्हणून मशीन वाचतं ४०३२० वजा ६५५३६. करून बघ. मशीनने काही चूक केली नव्हती. सांगितलं तेच केलं होतं. हे उत्तर सीच्या पुस्तकात मला दिसलं नव्हतं, ते मी फुली मारलेल्या विषयात होतं. आणि अशी बेरीज किंवा गुणाकार हातातून निसटला की प्रोसेसर एक झेंडा वर करतो, ओव्हरफ्लो फ्लॅग, हे मायक्रोप्रोसेसरमधल्या ८०८६ या प्रोसेसरच्या प्रकरणात होतं. तोही फुलीचा विषय.

तू म्हणशील, मावशी, हे तुमच्या जमान्यातलं. आता इंट ३२ बिटांचा असतो. असतो. आज रात्री तुझ्या लॅपटॉपवर सीमध्ये १३ चं फॅक्टोरियल इंटमध्ये काढ. बहुतेक १९३२०५३५०४ येईल. धन आकडा, दहा अंकी, दिसायला अगदी सभ्य. आणि साफ चुकीचा. खरं उत्तर ६२२ कोटींच्या वर आहे, आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये जेमतेम २१४ कोटी मावतात. माझं उणे २५२१६ निदान बोंब तरी मारत होतं. हा तेराचा आकडा गप्प बसतो. त्याला पकडायला कॅल्क्युलेटरही लागत नाही: ज्या गुणाकारात दहा आहे, त्याच्या शेवटी शून्य यायलाच हवं. इथे चार आहे. बस्स.

पायथॉनमध्ये असं होत नाही, तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. पण मशीन लर्निंग करायला लागलीस की नम्पाय या पायथॉनच्या लायब्ररीतल्या ॲरे, म्हणजे आकड्यांच्या रांगा, येतील, आणि तिथे पुन्हा ठरावीक बिटांचे आकडे. ६४ बिटांत २० चं फॅक्टोरियल मावतं, २१ चं मावत नाही. मजला बदलला, पाया तोच.

आणि हा काही जर्नलपुरता प्रकार नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. एरियान ४ साठी लिहिलेला सॉफ्टवेअरचा भाग तसाच उचलला होता. त्यात ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायची एक ओळ होती. जुन्या रॉकेटचा वेग त्यात मावायचा, नव्याचा मावला नाही. म्हणजे आमच्या लॅबमधलीच ३२७६७ ची भिंत. मला हे कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर डिजिटलच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून मेंदीचे कोन काढले नसते.

आता तुझ्या डीएसएकडे येते. गेल्या वर्षी एका मुलाचा इंटरव्ह्यू घेतला. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग सोडत शोधणं, त्याने दोन मिनिटांत लिहून दाखवला, एकही चूक नाही. मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढताना त्याने हायमधून (वरच्या टोकातून) लो (खालचं टोक) वजा करून, निम्मं करून, ते लोमध्ये मिळवलं होतं. मी विचारलं, ‘लो आणि हायची सरळ बेरीज करून दोनाने का नाही भागलंस?’ तो म्हणाला, ‘असंच लिहितात, मॅडम.’ बरोबर लिहिलेलं असूनही त्याला ते का बरोबर हे माहीत नव्हतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत सरळ बेरीजच होती. ती लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ही चूक तिथे सुमारे नऊ वर्षं बसून होती. ॲरे शंभर कोटींच्या पलीकडे गेली की बेरीज ३२ बिटांबाहेर सांडते आणि इंडेक्स ऋण होतो. पुन्हा तेच, उणे २५२१६! मुलाला आम्ही घेतलं, चांगला आहे. पण त्या प्रश्नावर त्याचा चेहरा पडला, तसा तुझा पडू नये म्हणून हे लिहितेय.

मला एवढंच म्हणायचंय, की यादीतले विषय वेगवेगळ्या खणांत ठेवू नकोस. डीएसए हा वरचा मजला. तिथे काही बिघडलं की जिना उतरून खाली जावं लागतं. खाली काय आहे हेच माहीत नसेल तर माणूस वरच फेऱ्या मारत राहतो, इंटच्या जागी लाँग, लाँगच्या जागी आणखी काही. चालतंय ना, मग झालं.

टीओसीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्या विषयाची बदनामी फार झालीय. वर्तुळं, बाण, पंपिंग लेमा, आणि ‘याचा प्रत्यक्षात काय उपयोग’ हे वाक्य. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेमागे असलेल्या जगभरच्या वेबसाइट्स सुमारे २७ मिनिटं कोलमडल्या. कारण एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं सूत्र. त्यात ‘काहीही, कितीही वेळा’ असं सांगणारे तुकडे एकमेकांना चिकटून आले होते. जुळत नसलेला मजकूर समोर आला की कुठलं अक्षर कुठल्या तुकड्याच्या वाट्याला द्यायचं याचे सगळे पर्याय ते इंजिन चाचपडत बसलं आणि सर्व्हरचे सीपीयू शंभर टक्क्यांना टेकले. तू परीक्षेला जे वर्तुळ-बाणांचं यंत्र काढशील ना, डीएफए, ते प्रत्येक अक्षर एकदाच वाचतं. मागे वळत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन असं न अडकता चालवायची रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच छापली होती. या घोटाळ्यानंतर क्लाउडफ्लेअरनेही वेळेची हमी देणाऱ्या इंजिनकडे जायचं ठरवलं. पन्नास वर्षं उत्तर पुस्तकात पडून होतं.

बाकीचं पटकन सांगते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बँकर्स अल्गोरिदमचं कोष्टक येईल, मार्क घे आणि पुढे हो. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मला कुठे भेटलं नाही. थ्रेड, लॉक आणि व्हर्च्युअल मेमरी मात्र रोज भेटतात, तिथे थांब. डीबीएमएसमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या विषयात, नॉर्मलायझेशनच्या व्याख्या सगळे पाठ करतात. तू एक लाख ओळींचं टेबल बनव, एकच क्वेरी इंडेक्स लावून आणि न लावता चालव, घड्याळ बघ. डिस्क्रीट मॅथ्सवर तू फुली मारली नाहीस, देव तुझं भलं करो. आणि पॅटर्नच्या, म्हणजे बदलत्या अभ्यासक्रमाच्या, नावाने घाबरवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. पुणे विद्यापीठात मी पास झाल्यापासून कितीतरी पॅटर्न आले. पेपरांची नावं आणि मार्कांची वाटणी हलते, ३२ बिट काही हलत नाहीत.

शिकवणारं कुणी रटाळ असलं तर तो विषय सोडू नकोस, माणूस बदल. आयआयटींचे प्राध्यापक एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट शिकवतात. पण एका वेळी एकच कोर्स घे आणि संपव. अर्धवट सोडलेल्या प्लेलिस्ट म्हणजे वाचणार म्हणून जमवलेल्या दिवाळी अंकांसारख्या, बघून नुसतं वाईट वाटतं.

चॅटजीपीटीचं तू विचारलं नाहीस, म्हणजे वापरतेयस. वापर. मीही ऑफिसात वापरते. फक्त असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेऊन जर्नलमध्ये चिकटवलीस, तर तू १९९९ मधली मीच, फक्त सीनियरचं जर्नल जरा हुशार झालंय. आधी कागदावर ड्राय रन कर, प्रत्येक व्हेरिएबलचा रकाना आखून. पेन्सिलने. मग त्याला विचार, की माझ्या प्रोग्रामला कुठला इनपुट दिला तर तो मोडेल. या प्रश्नाची उत्तरं ते बऱ्याचदा छान देतं, आणि चुकीचं दिलं तरी तुला चालवून बघता येतं.

अजून एक. आई म्हणाली, की वर्गात इंग्लिशमुळे तू गप्प असतेस. बार्शीच्या मराठी शाळेतून आलेली मीही पहिलं वर्षभर नुसती मान हलवत होते. कल्पना आधी मराठीत पक्की कर. पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी, चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत नाही आणि घर पडलं तरी चिठ्ठी हातात राहते. हे मी तुझ्या आईला होस्टेलच्या गच्चीवर सांगितलं होतं. ती कॉमर्सची, तिला कळलं. मग इंग्लिशमध्ये चार वाक्यं लिहायला वेळ लागत नाही. २०२१ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या परिषदेने इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायलाही परवानगी दिलीय, पिंपरी-चिंचवडला कॉम्प्युटरची तशी एक तुकडी सुरू झाली. तेव्हा मराठीत विचार केला म्हणून कुणी हसलं तर हसू दे. ओरलला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, स्टॅकचं (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा रचनेचं) उदाहरण विचारलं की अख्खा वर्ग ‘प्लेट्सची चळत’ म्हणतो. प्रोजेक्टच्या परीक्षेला मला कधीमधी बोलावतात, तेव्हा मी हे दिवसातून वीसदा ऐकते. तू डीबगर उघडून कॉल स्टॅक दाखव. बेस केस (थांबायची अट) काढून टाकलेलं रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन, चालव आणि ते कुठे फुटतं ते दाखव. मला असं कुणी दाखवलं तर मी चहा पाजेन.

या रविवारी ये. वनाझ मेट्रोला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येते. लॅपटॉप चार्जरसकट आण, आमच्याकडे असलेला तुझ्या पिनचा नाही. माळ्यावरून माझं सेकंड इयरचं जर्नल काढून ठेवलंय, पानं पिवळी पडलीत पण अक्षर वाचता येतं. इंट घेतलेला प्रोग्राम, त्याखाली निळ्या शाईत ४०३२०, आणि शेजारी लाल पेनाने बरोबरची खूण.

तुझी,
मावशी

ता. क. १३ चा आकडा काय आला ते आजच कळव. आणि आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली, झाकण मात्र वाटेत तडकलं.