आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी पुरुष काय घालायचे? नक्षीचा पांढरा अॅरन स्वेटर हाच त्यांचा पिढीजात पोशाख का?

नाही. स्वेटर तिथे बराच उशिरा आला.

मी गॉलवेत नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आमच्या वृद्धाश्रमात जवळच्या अॅरन बेटांपैकी इनिश मानवरचे एक आजोबा होते. नव्वदी ओलांडलेली, माणसांची नावं आठवत नसत, पण सकाळी पँट चढवली की हात कमरेशी जायचे आणि ‘क्रिस’ मागायचे. क्रिस म्हणजे रंगीत लोकरीचा लांबलचक कमरपट्टा. त्याला माग लागत नाही, बायका धाग्यांचं एक टोक पायाला अडकवून हातानेच विणायच्या. शेवटी लेकीने त्यांच्या वडिलांचा क्रिस घरून आणून दिला. मग रोज मी टोक धरायचे आणि ते कॉटचा कठडा पकडून, सावकाश स्वतःभोवती फिरत तो गुंडाळून घ्यायचे. तेवढा वेळ वडिलांबद्दल बोलायचे.

वडिलांचं जाकीट ‘बॉनीन’चं, म्हणजे न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीच्या जाड कापडाचं. लोकर घरी कातलेली. पँट घोट्याशी चिरलेली, वर दुमडून पाण्यात उतरता यावं म्हणून. पायात ‘पँपूटी’, कच्च्या कातडीच्या, केस बाहेर ठेवून शिवलेल्या. रात्री त्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर सकाळी लाकडासारख्या कडक. त्यांची होडी डांबर फासलेल्या कॅनव्हासची, खिळ्यांच्या बुटांनी ती फाटली असती. यातलं एकही कापड शोभेसाठी नव्हतं.

नक्षीचा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याची कीर्ती झाली ती विक्रीमुळे. आमच्या भाऊजींनी असा एक घेतला, दुकानदाराच्या गोष्टीसकट: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेला माणूस त्यावरून ओळखू यायचा. मी तेव्हाच सांगितलं, हे खोटं आहे. आयरिश नाटककार जे. एम. सिंग याच्या 1904 साली रंगमंचावर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती साध्या मोज्यावरून, स्वतः घातलेले आणि सुटलेले टाके मोजून. त्यात घराण्याची वीण कुठेच नाही. भाऊजींना अजून पटलेलं नाही.

हे सगळं बेटांचं झालं. मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्याचा आधी जाड लोकरीचा लांब कोट असे, पुढे साधं जाकीट आणि चपटी टोपी. स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा किल्ट तर नाहीच. मेयो काउंटीत कॅसलबारजवळ टर्लोला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, फुकट. स्वेटर घ्यायच्या आधी तिथे जा. भाऊजी पुढच्या उन्हाळ्यात आले की मी त्यांनाही आधी तिथेच नेणार आहे.